अलास्काच्या किनाऱ्यावरच्या रानातल्या केबिन्स: सासू-सासऱ्यांना घेऊन जावं का?

रानजाई

नमस्कार मंडळी. येत्या जुलैत सांगलीहून सासू-सासरे आमच्याकडे सिएटलला येणार आहेत. दोघंही सत्तरीला टेकलेत, पण तब्येत ठणठणीत. सासऱ्यांनी तरुणपणी राजगड-तोरणा, हरिश्चंद्रगड सगळं पालथं घातलंय, अजूनही रोज पहाटे फिरायला जातात. अलास्का बघायचं त्यांच्या फार मनात आहे, पण क्रूझ नको म्हणतात. त्यांना रानात राहायचंय.

आग्नेय अलास्कात टोंगास राष्ट्रीय वनामध्ये फॉरेस्ट सर्व्हिसच्या लाकडी केबिन्स भाड्याने मिळतात असं वाचलं. वीज नाही, पाणी नाही, बऱ्याच ठिकाणी पाण्यावर उतरणाऱ्या विमानानेच पोचता येतं. फोटो बघून जीव वेडावलाय. बरोबर नऊ वर्षांची मुलगीही असेल. इथे कोणी अशा केबिनमध्ये राहिलंय का? वयस्कर माणसांना झेपेल का? आणि माझा सगळ्यात मोठा प्रश्न अस्वलांचा. आपला स्वयंपाक म्हणजे फोडणी आली, वास आला. काय करावं?

केबिन नको असेल तर कॅम्पग्राउंडही चालेल. सविस्तर लिहा, प्लीज.

पोहेप्रेमी

फोडणीच्या वासाने अस्वलं येतील की नाही माहीत नाही, मी मात्र नक्की येईन. धाग्यावर बसून आहे.

उत्तरेचा_वारा

रानजाई, मी बरीच वर्षं जुनोत राहतो आणि या केबिन्स म्हणजे माझा जीव की प्राण. म्हणून जरा लांबलचक लिहितो.

आधी जागेचा अंदाज घ्या. टोंगास हे अमेरिकेतलं सगळ्यात मोठं राष्ट्रीय वन, जवळजवळ १ कोटी ७० लाख एकर. बेटं, खाड्या, हिमनद्या आणि स्प्रूस-हेमलॉकचं घनदाट, शेवाळलेलं जंगल. जुनो ही राज्याची राजधानी, पण बाहेरून तिथे येणारा एकही रस्ता नाही. बोट नाहीतर विमान. या सगळ्या पसाऱ्यात फॉरेस्ट सर्व्हिसच्या शंभराहून अधिक केबिन्स विखुरलेल्या आहेत. काही समुद्राच्या काठाला, काही तळ्यांच्या, काही डोंगरावर.

आत काय मिळतं? एकच खोली. लाकडी फळ्यांचे बंक, त्यावर गादी नाही. एक टेबल, बाक, खिडकी, आणि ऊब यायला शेगडी. ही शेगडी कुठे लाकडावर चालते, कुठे तेलावर. बाहेर थोड्या अंतरावर संडास. लाकडाची शेगडी असेल तर सरपणाची खोपटी, करवत आणि घणाची कुऱ्हाड बहुतेक ठिकाणी असते. बाकी सगळं आपलं: स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, भांडी, दिवा, पाणी उकळायची सोय, टॉयलेट पेपर. जाताना झाडून-पुसून, कचरा बरोबर घेऊन, पुढच्यासाठी थोडं सरपण फोडून ठेवून निघायचं. हा शिरस्ता इथली माणसं मनापासून पाळतात. प्रत्येक केबिनमध्ये एक वही असते, त्यात आधीच्या लोकांनी लिहिलेलं वाचत बसायला फार आवडतं मला. कुणी पाऊस किती पडला ते लिहितं, कुणी व्हेल दिसला ते, लहान मुलं चित्रं काढतात.

भाडं पूर्ण केबिनचं असतं, डोई नाही. रात्रीला साधारण पन्नास-साठ डॉलरच्या आसपास धरा, केबिनप्रमाणे कमीजास्त. खरा खर्च तिथे पोचण्याचा. पाच माणसं आणि सामान म्हणजे चार्टर विमानाचं जाणं-येणं तुमच्या बाकी सगळ्या खर्चाला मागे टाकेल.

आता मुख्य प्रश्न. झेपेल का? केबिन कुठली निवडता त्यावर सगळं आहे. अस्वलांवर वेगळं लिहितो, जेवायला हाक आलीय.

टिकटिक

बुकिंगचं मी सांगतो. रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी साइटवर होतं. १८० दिवस आधी खिडकी उघडते. म्हणजे जुलैच्या मध्यासाठी जानेवारीच्या मध्यात बसायला हवं. तुमचा धागा अगदी वेळेवर आलाय. जुनोजवळच्या पायी जाता येणाऱ्या केबिन्स शनिवार-रविवारी लगेच संपतात, मधल्या वारी मिळतात. दूरच्या, विमानाच्या केबिन्स त्या मानाने शिल्लक असतात.

प्रत्येक केबिनचं पान शेवटपर्यंत वाचा. शेगडी कुठली, पाण्याचा झरा किती लांब, होडी आहे का, बंक किती, सगळं तिथे दिलेलं असतं. तेलाची शेगडी असेल तर तेल आपण न्यायचं असतं, आणि कुठलं तेल तेही तिथेच लिहिलेलं असतं. त्यात पेट्रोल कधीही घालायचं नाही.

शेवंती

मी थोडं विरोधी लिहिणार आहे, राग मानू नका.

माझ्या आईला घेऊन आम्ही अशाच एका तळ्याकाठच्या केबिनमध्ये गेलो होतो. आई तेव्हा अडुसष्टची, तीही रोज चालणारी. केबिन सुंदर होती यात वाद नाही. पण रात्री दोन वेळा उठून ओल्या, निसरड्या फळ्यांवरून, डोक्याला टॉर्च बांधून संडासला जाणं हे रोज सकाळी बागेत चालण्यापेक्षा निराळं काम आहे. बंकची वरची फळी चढायला नको म्हणून तिला खाली झोपवलं तरी फळी ती फळीच. आणि ठरलेल्या दिवशी ढग इतके खाली आले की विमान आलंच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही, पण आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या मोजून आणलेल्या असत्या तर? सुदैवाने तिने जास्तीच्या घेतल्या होत्या.

सासरे उत्साही आहेत हे वाचून छान वाटलं. पण सासूबाईंना काय हवंय? तुमच्या लेखात त्यांचं मत कुठेच नाही.

डॉ_कडुनिंब

शेवंती यांच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. गोळ्या किमान तीन-चार दिवसांच्या जास्तीच्या, आणि दोन वेगवेगळ्या पिशव्यांत. एक पिशवी भिजली तर दुसरी.

वयस्करांच्या बाबतीत मला अस्वलापेक्षा थंडीची काळजी जास्त वाटते. जुलैत तिथे दिवसाचं तापमान साधारण १५ अंशांच्या आसपास असतं. ऐकायला सुखद वाटतं. पण सतत पाऊस, वारा आणि अंगात भिजलेला सुती सदरा असला की या तापमानातही शरीर गारठतं. म्हाताऱ्या माणसाला थरथर उशिरा जाणवते, आणि बोलणं अडखळायला लागलं तरी घरच्यांना वाटतं दमलेत. सुती कपडे घरी ठेवा. लोकर किंवा कृत्रिम धाग्याचे थर, वर चांगला रेनकोट. सासूबाई साडी नेसत असतील तर प्रवासापुरती पँट घालायची तयारी आधीच करून घ्या.

रानजाई

@शेवंती, अगदी बरोबर बोट ठेवलंत. आज फोनवर सासूबाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, "मला रान चालेल, पण रात्री बाथरूम लांब नको आणि दिवसातून एकदा गरम पाणी अंगावर पडलं पाहिजे." मला वाटतं हे दोन मुद्दे धरूनच ठरवावं लागणार.

@उत्तरेचा_वारा, जेवण झालं असेल तर अस्वलांकडे वळा.

उत्तरेचा_वारा

वळतो. आग्नेय अलास्कात कुठल्या बेटावर कुठलं अस्वल हे ठरलेलं आहे. ॲडमिरल्टी, बॅरानॉफ आणि चिचागॉफ या तीन मोठ्या बेटांवर फक्त तपकिरी अस्वलं, म्हणजे ग्रिझलीचे किनाऱ्यावरचे धिप्पाड भाऊबंद. प्रिन्स ऑफ वेल्स आणि तिकडच्या दक्षिणेकडच्या बेटांवर काळी अस्वलं. मुख्य भूमीवर दोन्ही. ॲडमिरल्टीवर अंदाजे १६०० तपकिरी अस्वलं आहेत, म्हणजे चौरस मैलाला जवळपास एक. तिथल्या मूळ रहिवासी ट्लिंगिट लोकांचं या बेटाचं नाव कूट्झनूवू, अस्वलांचा किल्ला.

घाबरवायला नाही लिहीत. किनाऱ्यावरच्या अस्वलांना सॅमनची चंगळ असते, माणसात त्यांना फारसा रस नसतो. नियम मोजके आहेत, ते कडक पाळायचे. चालताना बोलत राहा, विशेषतः ओढ्याच्या आवाजाजवळ आणि दाट झुडपात, कारण अचानक समोरासमोर येणं हाच खरा धोका. सॅमन चढत असलेल्या ओढ्याकाठी रेंगाळू नका. मुलीला पुढे पळू देऊ नका. खाण्याचं काहीही बाहेर ठेवायचं नाही, टूथपेस्ट आणि साबणसुद्धा.

केबिनला भक्कम भिंती आणि दार असतं, त्यामुळे आत स्वयंपाक करायला हरकत नसते, फक्त खिडकी उघडी ठेवा म्हणजे स्टोव्हचा विषारी वायू कोंडणार नाही. खरकटं पाणी दारात फेकायचं नाही. तंबूत राहणार असाल तर गोष्ट वेगळी. तंबूत खाणं नाही, शिजवणं नाही, शिजवताना घातलेले कपडेही तंबूत नाहीत.

पाणकावळा

तंबूच्या बाबतीत ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानाची पद्धत मला फार पटली. तिथे रानात मुक्काम करायचा तर आधी उद्यानाच्या लोकांकडून माहितीसत्र घ्यावं लागतं, परवाना मिळतो, आणि अस्वलाला न उघडणारे डबे फुकट वापरायला देतात. मग सांगतात की स्वयंपाक आणि जेवण भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात करा. म्हणजे ओहोटीला उघड्या पडलेल्या किनाऱ्यावर. सांडलं-लवंडलं, वास राहिला, तर पुढची भरती येऊन सगळं धुऊन नेते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, इतकी सोपी आणि शहाणपणाची युक्ती!

त्याच उद्यानात बार्टलेट कोव्हला तंबूंसाठी एक कॅम्पग्राउंडही आहे. पैसे लागत नाहीत, झाडीत शेवाळाच्या गालिच्यावर तंबू लावायचा, खाण्याचं सामान वेगळ्या कोठीत ठेवायचं. तिथून दिवसाची बोट हिमनद्यांकडे जाते आणि कायाकवाल्यांना वाटेत उतरवते. जवळच्या गस्टॅव्हस गावापर्यंत फेरी किंवा छोटं विमान, पुढे रस्ता.

सह्यकडा

भरतीच्या पट्ट्यात फोडणी! सासूबाईंना सांगा, मोहरी तडतडायच्या आत ओहोटी संपेल.

पोहेप्रेमी

माझ्या खास विषयावर गांभीर्याने लिहितो. रानात नेण्याचं आपलं खाणं फोडणीशिवायही भरपूर आहे. घरीच रवा भाजून, फोडणी करून, सुकं खोबरं, मीठ-साखर घालून उपम्याचं कोरडं मिश्रण पिशव्यांत भरा, तिथे फक्त उकळतं पाणी. तसंच मुगाच्या खिचडीचं. मेतकूट, गूळपोळ्या, दशम्या, खाकरे, शेंगदाण्याचे लाडू. थंडीत लाडवासारखं काही नाही. प्रत्येक जेवणाची वेगळी पिशवी करून वर नाव लिहा, म्हणजे शोधाशोध नाही आणि कचराही कमी.

सुके बोंबील आणि जवळा मात्र सांगलीतच ठेवा, ही कळकळीची विनंती.

भरतीओहोटी

मी मूळचा मालवणचा, आता व्हँकुव्हरला. तिकडच्या पाण्यात कायाक घेऊन बराच हिंडलोय. अस्वलांवर एवढं लिहून झालं, पण भरतीवर कोणी नीट लिहिलं नाही म्हणून राहवलं नाही.

आपल्या किनाऱ्यावरची माणसं म्हणतात, आम्हाला समुद्र शिकवू नका. पण जुनोच्या आसपास मोठ्या भरती-ओहोटीत पाणी वीस फुटांहून जास्त वरखाली होतं. आपल्याकडच्या उधाणाच्या दुप्पट धरा. किनारा उताराचा असेल तर दुपारी जिथे जेवलात तिथे संध्याकाळी दोन पुरुष पाणी. सपाट खाडी असेल तर उलटं, होडी चिखलात अर्धा मैल आत बसते आणि पुढच्या भरतीपर्यंत तिथेच. होडी किंवा कायाक नेहमी सुकलेल्या शेवाळाच्या सगळ्यात वरच्या रेषेच्याही वर ओढायची आणि झाडाला बांधायची. ती रेषा म्हणजे मागची मोठी भरती कुठवर आली होती त्याची खूण. तंबूही तिच्या वर. भरतीचं कोष्टक छापून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. फोनवर विसंबू नका, तिथे रेंज नसते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ओहोटीला तिसऱ्या, शिंपल्या, कालवं दिसली की आपला हात शिवशिवतो. तिथे ती गोळा करून खाऊ नका.

डॉ_कडुनिंब

शेवटच्या परिच्छेदाला ठळक अक्षरांत छापावं असं वाटतं. त्या पाण्यातल्या सूक्ष्म शैवालांचं विष शिंपल्यांत साठतं. वैद्यकीय नाव लकवा आणणारी शिंपला-विषबाधा. आधी ओठ-जिभेला मुंग्या येतात, मग हातापायांतली ताकद जाते, आणि श्वासाचे स्नायू बंद पडले तर माणूस दगावतो. शिजवून, तळून, गोठवून हे विष नष्ट होत नाही. पाणी स्वच्छ दिसतं म्हणून शिंपला चांगला असंही नाही. उतारा नाही, उपचार म्हणजे कृत्रिम श्वास देत राहणं, आणि तो दूरच्या केबिनमध्ये कुठून आणणार? दुकानात विकायला येणारे शिंपले तपासलेले असतात, ते खुशाल खा. पिण्याचं पाणी मात्र झऱ्याचं असलं तरी उकळून किंवा गाळून. जिआर्डिया, म्हणजे पोट बिघडवणारा पाण्यातला जंतू, तिकडे आहेच.

सह्यकडा

अवांतर, पण विचारतो. हे सगळं वाचून वाटतं की आपल्याकडे असं का नाही? वनखात्याची जुनी विश्रामगृहं आपल्याकडेही आहेत. मेळघाटात सिपना नदीकाठचं कोलकास तर काय जागा आहे! पण तिथे चादरी, जेवण, माणूस दिमतीला, आणि बुकिंगसाठी ओळखीपाळखी. चार फळ्या, एक शेगडी आणि "तुमचं तुम्ही बघा" असा विश्वास सामान्य माणसावर टाकणारी सरकारी सोय मला आपल्याकडे भेटलेली नाही. सह्याद्रीत घाटमाथ्यावर अशा साध्या झोपड्या असत्या तर मुलांना देवळाच्या ओट्यावर झोपायला लागलं नसतं.

निवांत_६०

सह्यकडा, मनातलं बोललात. पण देवळाच्या ओट्यावरची झोप मला अजून आठवते, तिची सर कशालाच नाही. आणि हातात कंदील घेऊन पिठलं-भाकरी आणून देणारी गावातली मावशी त्या केबिनमध्ये कुठे असणार? आपल्याकडे रानाला लागून माणूस आहे. वेळासला कासवं बघायला जातो तेव्हा गावातल्याच घरात राहतो, त्यातून चार पैसे गावाला मिळतात आणि गाव कासवं जपतं. मला ती पद्धत जास्त भावते.

उत्तरेचा_वारा

निवांत काका, इथेही रानाला लागून माणूस होता आणि आहे, हे सांगायलाच हवं. लोक "निर्मनुष्य, अस्पर्श" म्हणून या भागाचे फोटो टाकतात, ते मला टोचतं. ही ट्लिंगिट आणि हैडा लोकांची भूमी आहे. ग्लेशियर बेमधून हूना ट्लिंगिटांना अठराव्या शतकात पुढे सरकणाऱ्या हिमनदीने घराबाहेर काढलं. त्यांच्या कुळांचं सामायिक घर बार्टलेट कोव्हला पुन्हा उभं राहायला २०१६ साल उजाडलं. ॲडमिरल्टी बेटावरचं एकमेव कायम वस्तीचं गाव अँगून. १८८२ साली अमेरिकेच्या नौदलाने त्यावर तोफा डागल्या, घरं, होड्या, हिवाळ्याचं साठवलेलं अन्न जाळलं. नौदलाने माफी मागितली ती २०२४ च्या ऑक्टोबरात. म्हणून किनाऱ्यावर जुनी वस्तू, कोरलेला दगड, साल काढलेलं जुनं सीडर झाड दिसलं तर हात लावू नका, उचलू नका.

याच अँगूनहून बेट ओलांडून पलीकडे जाणारा तळ्यांचा कनू-मार्ग आहे. १९३० च्या दशकातल्या मंदीत बेकार तरुणांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतून त्यावर तीन भिंतींचे निवारे आणि वाटा बांधल्या गेल्या. आजच्या केबिन्सची परंपरा तिथवर मागे जाते.

निवांत_६०

हे माहीत नव्हतं. मनापासून आभार.

आता माझ्याकडून एक सुचवणी, सासू-सासरे दोघांच्या मनासारखी. तुम्ही सिएटलला आहात म्हणजे बेलिंगहॅम तुमच्या हाकेवर. तिथून अलास्काची सरकारी फेरी सुटते. ही फेरीसेवा १९६३ पासून चालू आहे. आग्नेय अलास्काच्या दक्षिण टोकाकडच्या केचिकान गावापर्यंत साधारण ३८ तास लागतात. खोली घ्या म्हणजे ज्येष्ठांना पलंग आणि गरम पाणी. तरुण मंडळी वरच्या डेकवर तंबू ठोकतात, तंबू उडू नये म्हणून चिकटपट्टीने डेकला चिकटवतात! छप्पर असलेल्या भागात डोक्यावर उष्णतेचे दिवे असतात, त्याखाली आरामखुर्च्यांवर स्लीपिंग बॅग पसरून लोक झोपतात. तुमच्या मुलीला हे आयुष्यभर लक्षात राहील. आम्ही दोघं खोलीतून उठून रात्री त्या डेकवरच जाऊन बसायचो. गाडीही बोटीवर नेता येते, पण तिची जागा लवकर धरावी लागते.

रानजाई

निवांत काका, हे तर डोक्यातच आलं नव्हतं! नवऱ्याला दाखवलं, तो आत्ताच वेळापत्रक उघडून बसलाय. आता उतरल्यावर कुठे राहायचं? गाडीने पोचता येईल, संडास जवळ असेल, आणि तरी रान वाटेल अशी जागा आहे का?

उत्तरेचा_वारा

आहे. जुनो शहराबाहेर महामार्गावर ईगल बीच इथे राज्य सरकारच्या काही केबिन्स आहेत, गाडी अगदी जवळ जाते. ओहोटीला समोर प्रचंड वाळवंट उघडं पडतं, पलीकडे चिलकॅट पर्वतरांग, डोक्यावर टकल्या गरुडांची वर्दळ. सिटकाला स्टॅरिगॅव्हन कॅम्पग्राउंडजवळही अशीच पोचायला सोपी केबिन आहे. जुनोचं मेंडेनहॉल लेक कॅम्पग्राउंड हिमनदीसमोरच्या तळ्याकाठी आहे आणि तिथे गरम पाण्याची आंघोळीची सोय आहे, म्हणजे सासूबाईंची अट पूर्ण.

फक्त एक लक्षात ठेवा. मेंडेनहॉलच्या वरच्या अंगाला एका खोऱ्यात हिमनदीने अडवलेलं पाणी साचतं आणि कधीतरी बर्फाखालून एकदम सुटतं. २०२३, २०२४ आणि २०२५, तिन्ही वर्षी ऑगस्टमध्ये मोठे पूर आले, नदीकाठची घरं गेली. याआधी काही वर्षी जुलैतही पाणी सुटलंय. राष्ट्रीय हवामान खातं त्या पाण्याच्या पातळीवर डोळा ठेवून असतं, जायच्या आधी त्यांचं पान बघा आणि कॅम्पग्राउंड रिकामं करा म्हटलं की लगेच निघा.

सासऱ्यांची रग भागवायची असेल तर तुम्ही दोघं आणि ते अशा तिघांसाठी एक रात्र पीटरसन लेकची केबिन. रस्त्यापासून साधारण चार मैल चाल, बरीचशी फळ्यांची वाट, बाकी मुळं आणि चिखल. आजी-नात ईगल बीचला शेगडीजवळ. बंक सगळ्यांना पुरतो, पण चाल सगळ्यांना पुरेल असं नाही.

शेवंती

हा बेत उत्तम! एकाला दुसऱ्याच्या हौसेपायी फरपटायला नको.

सह्यकडा

पाऊस किती असतो जुलैत? रानजाईंचे सासरे महाबळेश्वरचा पाऊस बघितलेले असणार, त्यांना काय भीती.

भरतीओहोटी

केचिकानला वर्षाला सुमारे १५० इंच पडतो. महाबळेश्वर त्याच्याही पुढे आहे, पण आपला पाऊस चार महिन्यांत सगळा हिशेब पुरा करून निघून जातो. तिथे बाराही महिने भिजकं. जुनोला केचिकानच्या निम्म्याहून कमी. एप्रिल ते जून त्यातल्या त्यात कोरडे, ऑगस्टपासून वाढत ऑक्टोबरात कळस. त्यामुळे जुलैचा पहिला आठवडा मिळाला तर शेवटच्यापेक्षा बरा. उजेड भरपूर असतो, रात्री दहापर्यंत वाचता येतं.

पायात गुडघ्याखालपर्यंतचे रबरी बूट घ्या. तिथे शाळेपासून लग्नापर्यंत लोक तेच तपकिरी एक्स्ट्राटफ बूट घालतात.

टिकटिक

अस्वलाला पळवून लावायच्या तिखट फवाऱ्याबद्दल (बेअर स्प्रे) कोणी लिहिलं नाही. प्रवासी विमानात तो ना हातातल्या बॅगेत चालतो, ना चेक-इनमध्ये. स्टोव्हचा गॅसही नाही. दोन्ही तिथे पोचल्यावर विकत घ्यायचे. फेरीने जाणार असाल तर त्यांचे नियम आधी विचारा.

मला विचारायचंय, तिथले लोक बंदूक ठेवतात म्हणे. फवारा पुरतो का?

उत्तरेचा_वारा

इथे बरेच जण बंदूक नेतात, आणि शिकारीत मुरलेल्या माणसाबद्दल मी काही बोलणार नाही. पण पाहुण्यांसाठी फवाराच. २००८ साली अलास्कातल्या प्रत्यक्ष घटनांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात तपकिरी अस्वलांच्या बाबतीत फवाऱ्याने १०० पैकी ९२ वेळा अस्वलाचं नको ते वागणं थांबवलं. धावत्या अस्वलावर नेम धरण्यापेक्षा समोर ढग सोडणं घाबरलेल्या माणसाला सोपं जातं. फक्त तो कमरेला हवा, पिशवीच्या तळाशी नको. मुदत उलटलेली नाही ना ते बघा. छोट्या तरंगत्या विमानात बसलात तर वैमानिकाला आधी सांगा, तो बहुधा बाहेर तरंडाच्या कप्प्यात ठेवतो, कारण आत फुटला तर विमान उडवणारा आंधळा होईल. तंबूवर किंवा कपड्यांवर डासांच्या औषधासारखा मारायचा नाही, त्या वासाने उलट अस्वलं चौकशीला येतात.

रानजाई

सगळ्यांचे किती आभार मानू! ठरलं ते असं: बेलिंगहॅमहून फेरी, केचिकानला उतरून एक-दोन दिवस, मग जुनो. मेंडेनहॉलला तंबू, त्यानंतर ईगल बीचची केबिन, आणि मधे एक रात्र सासरे, नवरा आणि मी पीटरसन लेकला. ईगल बीचचं बुकिंग कुठे करतात? आणि पीटरसनला शेगडी कशाची?

टिकटिक

ईगल बीच राज्याच्या उद्यानखात्याकडे आहे, त्यामुळे ते रिक्रिएशन डॉट गव्हवर शोधू नका, अलास्का स्टेट पार्क्सच्या साइटवर बघा. त्यांची खिडकी उघडायचे नियम वेगळे आहेत, ते आजच वाचून घ्या. पीटरसनच्या शेगडीचं केबिनच्या पानावरच बघा, अधूनमधून बदलतात.

उत्तरेचा_वारा

आणि शेगडी कुठलीही असो, पेटवायला कोरड्या काड्या आणि काडेपेटी घट्ट झाकणाच्या डब्यात न्या. खोपटीतलं सरपण कधीकधी ओलं असतं. निघायच्या आधी कुठे जाताय, कधी परत येणार हे लिहून जुनोतल्या कुणाकडे तरी ठेवा. कुणी नसेल तर मला व्यक्तिगत निरोप करा, मी ठेवीन. उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र भाड्याने मिळालं तर तेही घ्या.

पोहेप्रेमी

उपम्याच्या मिश्रणाचं प्रमाण उद्या वेगळ्या धाग्यात टाकतो, पाच माणसांच्या हिशेबाने. हिंग जरा जास्त घालू ना?

रानजाई

सासूबाई म्हणताहेत, हिंग त्या सांगलीहून आणणार आहेत.